जिभेवरची गाठ आणि तिची नावे

१९७८ सालचा पावसाळा. एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात मी निवासी डॉक्टर होतो. शल्यक्रिया विभागातून रोज संध्याकाळी फॉर्मॅलिनच्या बाटल्या यायच्या. त्यांतल्या एका बाटलीत तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा होता. सोबतच्या कागदावर लिहिले होते : स्त्री, वय ३४, राहणार माण तालुका, जिभेवर गाठ, दोन वर्षे. आणि खाली अधोरेखित करून : मिश्री लावते.

हे अधोरेखन मला पुरले. तंबाखू भाजून केलेली मिश्री दिवसातून दोन-तीनदा दाताला लावणाऱ्या बायका आम्ही रोज पाहत होतो, त्यांच्या गालाचे आणि जिभेचे कर्करोगही पाहत होतो. तिसऱ्या दिवशी काचपट्टी भिंगाखाली घेतली तेव्हा जे दिसायचे तेच दिसले. वरच्या आवरणाच्या पेशी झाडाच्या मुळांसारख्या खाली उतरल्या होत्या. मधे मधे केराटिनचे गोल मोती. मी पेन्सिलीने नोंदवहीत लिहिले, 'स्क्वेमस सेल कार्सिनोमा', आणि काचपट्टी सरांच्या टेबलावर ठेवली.

त्या काळी या तीन शब्दांचा अर्थ रुग्णाच्या दृष्टीने एकच होता. अर्धी जीभ काढायची, बहुधा मानेतल्या गाठीही काढायच्या, मग किरणोपचार.

सरांनी काचपट्टी दोन मिनिटे पाहिली आणि विचारले, "यात स्नायू कुठाय?"

जीभ म्हणजे जवळजवळ सगळा स्नायूच. तिन्ही दिशांनी विणलेले स्नायूचे धागे आणि वर आवरणाचा पातळ थर. माझ्या तुकड्यात नुसते आवरण आणि त्याच्या तळाशी काही तंतू होते. सर म्हणाले, "खालची जमीनच तुला दिसत नाही, आणि मुळं जमिनीत शिरली असं सांगतोस. गाठ कुठे आहे ते वाचलंस का?" कागद पुन्हा पाहिला. गाठ जिभेच्या पाठीवर, मधोमध होती, वरची कातडी शाबूत होती, जखम नव्हती. तंबाखूचा कर्करोग बहुतेक वेळा जिभेच्या कडेला होतो, पाठीवर क्वचितच, आणि दोन वर्षे तो शाबूत कातडीखाली शांत बसून राहत नाही. सरांनी शल्यचिकित्सकांना चिठ्ठी लिहिली : आणखी खोल तुकडा पाठवावा.

दुसरा तुकडा आला. आवरणाच्या खाली, स्नायूच्या धाग्यांमधे घुसून बसलेल्या मोठ्या मोठ्या फिकट गुलाबी पेशींची दाटी होती. प्रत्येक पेशीत बारीक रव्यासारखे कण ठासून भरलेले आणि मधे एक लहानसे गडद केंद्रक. मी तोवर अशा पेशी पुस्तकातच पाहिल्या होत्या. सरांनी अहवालावर सही केली : 'ग्रॅन्युलर सेल मायोब्लास्टोमा'. सौम्य गाठ. सभोवतालच्या थोड्या भागासह काढावी.

आज हे नाव कोणी लिहीत नाही. मधला शब्द गेला, शेपूटही बदलले, नुसता 'ग्रॅन्युलर सेल ट्यूमर' उरला. हे नाव कुठून आले आणि का गेले याचा शोध मी निवृत्तीनंतर घेतला. तो पुढे मांडतो आहे.

गाठींना नावे देण्याचा खटाटोप आपल्याकडेही जुना आहे. सुश्रुताने अर्बुदाचे सहा प्रकार सांगितले, त्यांतले मांसार्बुद म्हणजे दगडासारखे टणक, न दुखणारे, न पिकणारे, जागचे न हलणारे. आजच्या वैद्यकात स्नायू, चरबी, तंतू, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची वेष्टने या सगळ्यांना मिळून मृदू ऊती म्हणतात, आणि त्यांच्या गाठी डोक्यामानेत तशा दुर्मीळच. सुश्रुताला हाताला जे लागले त्यावरून नाव द्यावे लागले. एकोणिसाव्या शतकात भिंग आले तेव्हा प्रश्न बदलला. गाठ कशी लागते याऐवजी ती कोणत्या पेशीपासून निघाली, हे विचारले जाऊ लागले. हा प्रश्न विचारायला शिकवले ते बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खोने, १८५८च्या त्याच्या पेशी-विकृतिशास्त्रावरच्या ग्रंथाने.

पण फिर्खोलाही घशातल्या एका तुकड्याने चकवले, आणि तो प्रसंग माझ्या गोष्टीचा आरशातला उलटा चेहरा आहे. १८८७ साली जर्मनीचा युवराज फ्रीडरिश याचा आवाज बसला. स्वरयंत्रावर गाठ दिसली. जर्मन डॉक्टरांना कर्करोगाची शंका आली आणि ते गळा उघडून शस्त्रक्रिया करायला निघाले. युवराज म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा जावई. लंडनहून घशाचे नामांकित तज्ज्ञ मॉरेल मॅकेन्झी यांना बोलावले गेले. मॅकेन्झींनी आधी तुकडा तपासायचा आग्रह धरला, चिमट्याने काढलेले कण फिर्खोकडे गेले. फिर्खोने दिलेल्या कणांत कर्करोग नाही असे कळवले. जेवढे हाती आले तेवढ्यावरून सगळ्या गाठीबद्दल बोलता येत नाही, एवढी सावधगिरी त्याने बाळगली होती. ऐकणाऱ्यांनी मात्र सोयीचे तेवढेच ऐकले. शस्त्रक्रिया टळली. मार्च १८८८मध्ये फ्रीडरिश सम्राट झाला तेव्हा त्याला बोलताही येत नव्हते. ९९ दिवस राज्य करून १५ जून रोजी तो वारला. शवविच्छेदनात कर्करोग निघाला. त्याच्यामागून आलेल्या दुसऱ्या विल्हेल्मने युरोपचे काय केले ते सर्वांना माहीत आहे. एका चिमट्यावर महायुद्धाचा बोजा टाकणारे इतिहासकार आहेत. मला ते अतिशयोक्त वाटते, पण वरवरचा तुकडा किती महाग पडू शकतो याचे यापेक्षा ठळक उदाहरण मला ठाऊक नाही. तिथे आवरणाने कर्करोग झाकला, माण तालुक्यातल्या बाईंच्या जिभेवर आवरणाने नसलेल्या कर्करोगाचे सोंग घेतले.

आता मॉस्कोकडे जाऊ. फिर्खोने १८४७मध्ये सुरू केलेले नियतकालिक त्याच्या मृत्यूनंतरही त्याच्याच नावाने निघत राहिले. त्यात १९२६ साली अलेक्सेई इवानोविच अब्रिकोसोव्ह या रशियन विकृतिशास्त्रज्ञाचा जर्मन भाषेतला एक लेख आला. विषय होता ऐच्छिक स्नायूंपासून निघणाऱ्या गाठी. (त्याच वर्षी मुंबईत परळला केईएम रुग्णालय उघडले. दोन्हींचा संबंध काही नाही, पण आमच्या पिढीला काळ मोजायला तो खुंटा बरा पडतो.)

हा माणूस वाचकांना ठाऊक असावा असा आहे. अब्रिकोसोव्ह हे मॉस्कोतले मिठाईवाले घराणे. मूळ पुरुष स्तेपान हा भूदास, फळांच्या मिठाईत हातखंडा असलेला, आणि आडनावात जर्दाळू आहे तो त्यामुळेच. पुढच्या पिढ्यांनी मोठा कारखाना उभा केला. क्रांतीनंतर तो सरकारजमा झाला आणि त्याला बाबायेव्ह या बोल्शेविक कार्यकर्त्याचे नाव मिळाले. घराण्यातला हा नातू १८७५ साली जन्मला आणि मिठाईऐवजी प्रेतांकडे वळला. क्षयाच्या फुप्फुसातल्या अगदी सुरुवातीच्या खुणांवरचे त्याचे काम आधीच नाव मिळवून होते. २१ जानेवारी १९२४ रोजी लेनिन वारला तेव्हा दुसऱ्या दिवशी गोर्की गावात शवविच्छेदन करायला याच अब्रिकोसोव्हला नेले गेले. मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होऊन अरुंद झाल्या होत्या, असा निष्कर्ष त्या तपासणीतून निघाला. देह टिकवण्याचे पहिले, तात्पुरते काम त्यानेच केले. पुढचे, आजवर चाललेले काम दुसऱ्यांचे. त्याच्या मुलाला, वडिलांचेच नाव लावणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला, २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

लेनिनच्या शवविच्छेदनानंतर दोन वर्षांनी या माणसाने जिभेतल्या कणदार पेशी पाहिल्या आणि त्या स्नायूच्या आहेत असे ठरवले. का, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या पेशी स्नायूच्या धाग्यांच्या मधोमध बसलेल्या असतात. जिथे गाठ संपते आणि स्नायू सुरू होतो तिथे अर्धवट धागा, अर्धवट कणदार पेशी अशी चित्रे दिसतात. दुखावलेला स्नायू पुन्हा वाढतो तेव्हा त्याच्या अंकुरपेशी फुगतात, हेही ठाऊक होते. मग या गाठी म्हणजे स्नायूचे फसलेले अंकुर, हा तर्क सरळ होता. पाच वर्षांनी, १९३१मध्ये, त्याने याच विषयावर पुन्हा लिहिले, आणि 'मायोब्लास्ट', म्हणजे स्नायूचा अंकुर, हा शब्द या गाठीला कायमचा चिकटला. निदान तसे वाटले.

भिंगाखाली माणूस शेजार पाहतो आणि त्यावरून नाते जोडतो. हा दोष अब्रिकोसोव्हचा एकट्याचा नाही. जिभेत जे काही उगवेल त्याला शेजारी स्नायूच मिळणार, दुसरे मिळणार कोण? ऑस्ट्रियातल्या फ्रीडरिश फायर्टरला १९३५ साली हीच गोष्ट वेगळी दिसली, कारण तो वेगळीकडे पाहत होता. त्याने अन्नमार्गातल्या अशा गाठी तपासल्या. तिथे कणदार पेशी मज्जातंतूंना बिलगून होत्या. त्याने ही मज्जातंतूंची गाठ म्हटली. १९४९मध्ये फस्ट आणि कस्टर या अमेरिकनांनी तोच पक्ष उचलून धरला. पण पाठ्यपुस्तके काही हलली नाहीत.

ती का हलली नाहीत, याचे एक कारण न्यूयॉर्कमध्ये होते. कोलंबिया विद्यापीठात आर्थर पर्डी स्टाउट हे मूळचे शल्यचिकित्सक भिंगाकडे वळून मृदू ऊतींच्या गाठींचे जगातले मोठे जाणकार झाले होते. त्यांच्या सोबत मार्गारेट मरे काम करीत. गाठीचा जिवंत कण काचेच्या भांड्यात वाढवायचा आणि त्या पेशी कशा हलतात, कशा पसरतात यावरून त्यांचे कुळ ओळखायचे, ही मरेबाईंची रीत. मज्जातंतूंना वेष्टन घालणाऱ्या पेशींना श्वान पेशी म्हणतात, आणि भांड्यात त्या कशा वागतात हे मरेबाईंइतके फार थोड्यांना माहीत होते. १९५१ साली त्यांनी तीन कणदार गाठी वाढवून पाहिल्या आणि त्यांचा कल स्नायूच्या बाजूला गेला. ज्यांना मज्जातंतू सर्वांत चांगला ओळखता येत होता त्यांनीच नकार दिल्यावर बाकीच्यांनी काय करायचे? विज्ञानाच्या इतिहासात चुकीच्या बाजूला नेहमी मूर्ख माणसे असतात, हा समज मला या प्रकरणाने सोडायला लावला.

मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. साध्या भिंगाची मजल साधारण हजार पटींची, याची त्याहून कितीतरी पुढे. १९६२ साली फिशर आणि वेक्सलर यांनी त्याखाली या पेशी पाहून लेख लिहिला आणि 'मायोब्लास्टोमा' हे नावच चुकीचे असल्याचे शीर्षकातच सांगून टाकले. पेशींची ठेवण श्वान पेशींसारखी होती, स्नायूची एकही खूण नव्हती. आणि ते रव्यासारखे कण म्हणजे, ख्रिस्तियान द दूव्हने १९५५मध्ये ओळख करून दिलेली लायसोसोम, पेशीतली कचराकुंडीची पिशवी. पेशी आपलाच कचरा पचवू न शकल्यामुळे भरून गेलेल्या.

तरी १९७८मध्ये माझ्या सरांनी जुनेच नाव लिहिले. त्यांना नवे माहीत होते. मी विचारले तेव्हा म्हणाले, "सर्जनला हे नाव ओळखीचं आहे. नवं लिहिलं तर तो घाबरून जास्त कापेल." हे बरोबर होते की नाही, मला अजून ठरवता आलेले नाही.

सर खानोलकरांच्या शिष्यपरंपरेतले. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचे नाव मराठी वाचकाला कमी ठाऊक, हे आपले दुर्दैव. १९४१मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, आणि तिथली प्रयोगशाळा त्यांनी नावारूपाला आणली. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतल्या 'कॅन्सर रिसर्च'मध्ये छापला. पश्चिमेत तेव्हा तोंडाचा कर्करोग हा तुलनेने किरकोळ विषय, आपल्याकडे त्याने वॉर्ड भरलेले. त्यांचे दुसरे मोठे काम कुष्ठरोगावरचे : ते जंतू मज्जातंतूंत शिरून कसे राहतात आणि पसरतात यावरचे. म्हणजे श्वान पेशींच्या घरातलेच. तोंडाचा कर्करोग आणि श्वान पेशी हे दोन्ही धागे एकाच मुंबईकर टेबलावर होते.

पण या हजारांच्या गर्दीनेच आपल्याकडे धोका वाढवला. युरोपातल्या पॅथॉलॉजिस्टला जिभेच्या तुकड्यात कर्करोग दिसला तर तो थबकतो. आम्ही थबकत नाही, आम्हाला तो रोजचा. कणदार गाठीवरचे आवरण बऱ्याचदा असे वाढते की ते कर्करोगासारखे दिसावे, मोत्यांसकट. खरी गाठ तळाशी शांत असते, आणि तीतली दुर्दम निघणारी शंभरात एखाद-दुसरी. वरून नखाने खरवडल्यासारखा तुकडा घेतला की हाती फक्त सोंग येते. अशा रीतीने किती जिभा गेल्या असतील याचा हिशेब कोणाकडे असणार? कापलेल्या जिभेचे पुन्हा काप करून कोणी पाहिले तरच चूक कळणार.

वाचकांचा गैरसमज नको म्हणून सांगतो, खोल तुकडा काढा हा मंत्रही सगळीकडे चालत नाही. मानेत रक्तवाहिनीच्या दुभाजकाशी कॅरॉटिड बॉडीची गाठ होते, वयात येणाऱ्या मुलांच्या नाकामागे अँजिओफायब्रोमा होतो. दोन्ही रक्ताने इतक्या भरलेल्या असतात की बाह्यरुग्ण विभागात कोणी उत्साहाने तुकडा काढला तर रक्त थांबता थांबत नाही. तिथे आधी चित्रण. नाकातून वारंवार रक्त येणारा चौदा वर्षांचा मुलगा, एवढ्या वाक्यावरच अनुभवी डॉक्टरने हात मागे घ्यायचा असतो.

शेवटचा निकाल गाईच्या मेंदूतून आला. १९६५ साली अमेरिकेत ब्लेक मूर यांनी गाईगुरांच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळे केले. अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेले राहायचे, म्हणून नाव एस-१००. ते श्वान पेशींतही असते, स्नायूच्या पेशींत नसते. त्याला चिकटणारी प्रतिपिंडे तयार झाली, त्यांना तपकिरी रंगाची जोड मिळाली, आणि १९८०च्या दशकात जगभर जुन्या गाठी नव्याने रंगवल्या गेल्या. कणदार पेशी तपकिरी झाल्या. वाद मिटला.

पूर्ण मिटला म्हणावे तर एक बाळ आडवे येते. १८७१ साली क्योनिग्सबर्गच्या एर्न्स्ट नॉयमानने (रक्त हाडांच्या मगजात तयार होते हे सांगणारा तोच) नवजात बाळाच्या हिरडीवरची एक गाठ वर्णिली. ती बहुधा मुलींत, बहुधा वरच्या हिरडीवर होते. भिंगाखाली तेच कण, त्याच पेशी. दोन काचपट्ट्या शेजारी ठेवल्या तर मीही गोंधळेन. पण एस-१००चा रंग लावला की बाळाची गाठ कोरीच राहते. चेहरा तोच, कूळ वेगळे. आणि ती कधी कधी आपोआप विरते. २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी मोठ्यांच्या कणदार गाठींत जनुकांतले बिघाडही शोधले. लायसोसोमला आम्ल पुरवणाऱ्या पंपाशी संबंधित दोन जनुके अशा बहुसंख्य गाठींत बिघडलेली निघाली. आम्ल नाही म्हणून कचरा पचत नाही, म्हणून कण.

आता माणच्या बाईंकडे परत येतो. अहवाल सांगायला सरांनी मलाच वॉर्डात पाठवले, ती बहुधा शिक्षा असावी. बाई खाटेवर बसून होत्या, शेजारी नवरा टोपी हातात घेऊन उभा. कर्करोग नाही, छोटी गाठ आहे, जीभ राहील, असे मी सांगितले. नवऱ्याने हात जोडले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग मिश्रीनं न्हाई झालं म्हना की, डाक्टर."

मी म्हणालो, "याने नाही झालं. पण मिश्री सोडा, बाई. दुसरं काही होईल."

"सोडीन की," त्या म्हणाल्या, आणि पदराच्या गाठीकडे त्यांचा हात गेला. तिथे डबी होती. माझ्या अहवालाने त्यांची जीभ वाचली आणि मिश्रीही वाचली, हे त्या क्षणी मला कळले. टाके काढायला त्या आल्या, त्यानंतर आल्या नाहीत.

१९९४ साली मी त्याच विभागात पुन्हा आलो, या वेळी शिकवायला. तुकडा मेणात बसवून ठेवलेले ठोकळे वर्षानुवर्षे टिकतात. तळघरातल्या लाकडी खणांत उंदरांनी बरेच काही खाल्ले होते, पण १९७८चा खण शाबूत होता. तो ठोकळा काढला, मायक्रोटोमवर पातळ काप घेतले आणि एस-१०० लावायला मुंबईच्या एका मित्राकडे पाठवले, कारण आमच्याकडे ते रसायन परवडत नव्हते. काचपट्टी पोस्टाने परत आली. कणदार पेशी चॉकलेटसारख्या तपकिरी, मधले स्नायूचे धागे निळसर कोरे.

जुनी नोंदवहीही काढून पाहिली. पेन्सिलीने लिहिलेले माझे तीन शब्द सरांनी खोडरबराने पुसले होते. पण मी दाबून लिहायचो. पान उजेडात तिरके धरले की कागदावरचे वळ अजून वाचता येतात.